क्लेरिक कोण होणार?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा नवा डाव मांडताना पात्रं ठरवायची वेळ आली की एक अडचण हमखास उभी राहते. एकाला तलवार हवी असते, दुसऱ्याला चोराचा खंजीर, तिसऱ्याला आगीचे गोळे. मग कोणाच्या तरी लक्षात येतं की जखमा बांधणारं पात्र, म्हणजे क्लेरिक, कोणीच घेतलेलं नाही, आणि सगळे गप्प होतात. आमच्या टेबलावर गप्प झालेले तिघेही मुलगे होते. तिघांनीही एकदमच माझ्या धाकट्या बहिणीकडे बघितलं.

आम्ही रविवारी दुपारी कामठीत, गोराबाजारातल्या घरी खेळतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट मी सांगतो आणि राक्षसांच्या वतीने फासे मी टाकतो. त्या दिवशी मामा आले होते. मामा आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. खेळाशी त्यांचा संबंध नव्हता, पण जखमी माणसाला उठवणारं पात्र कोण करणार यावर वाद चाललाय हे कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले. पुढचं बोलणं मामा-भाचीचं आहे. मी बोललो ते बहुतेक नियम सांगण्यापुरतं.

भाची: आधीच सांगते, मी क्लेरिक होणार नाही. मुलगी आहे म्हणून मलमपट्टी माझ्याकडे, हे मला मान्य नाही. आणि खेळभर करायचं काय? याला लागलं, हील कर. त्याला लागलं, हील कर. ते तिघं लढणार, गोष्टीत नाव त्यांचं होणार आणि मी मागून त्यांचे हिट पॉइंट भरत बसणार.

मामा: मुलीचं काम कोण म्हणून राहिलं? आमच्या एड पोस्टवर सारे मिशीवाले होते. अन् लढाई चालू असताना भरत बसणारा नर्सिंग असिस्टंट मी तं पाहिला नाही बाप्पा.

भाची: मग तो काय करतो?

मामा: जिकडून गोळी येऊन राहिली ते पहिले बंद करायचं. जखमी समोर पडला असंल तरी. नाही तं एकाचे दोन होतात, अन् दुसरी तूच असशील. मग त्याले आडोशाले ओढायचं. रक्त धो धो वाहून राहिलं तं ते दाबायचं. बाकीचं मागं नेल्यावर.

इथे मला हिशेब मांडावा लागला, कारण नियमांचं पुस्तक पुष्कळसं मामांच्या बाजूचं आहे. आम्ही २०१४ चं पुस्तक वापरतो. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिकला दिवसभरासाठी सहा स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र टाकायच्या सहा संधी, मिळतात, चार पहिल्या दर्जाचे आणि दोन दुसऱ्या. ‘क्युअर वूंड्स’ या मंत्राला आठ बाजूंचा एक फासा, त्यात तिच्या शहाणपणाचे तीन, आणि ‘लाइफ डोमेन’ ही क्लेरिकची शाखा घेतली असेल तर आणखी तीन. सरासरी साडेदहा. ओगर नावाचा धिप्पाड राक्षस सोट्याच्या एका फटक्यात सरासरी तेरा काढतो, आणि त्याचे सोटे मोजून दिलेले नसतात. म्हणजे क्लेरिकची अख्खी पाळी गेली, सहांतला एक स्लॉट गेला आणि तरी हिशेब अडीचने मागेच. २०२४ च्या सुधारित आवृत्तीत या मंत्राला एकाऐवजी दोन फासे दिले आहेत.

‘ब्लेस’ची गोष्ट वेगळी. तीन सोबत्यांच्या प्रत्येक वाराला आणि प्रत्येक बचावाला चार बाजूंचा एक फासा जोडून मिळतो. त्याची सरासरी अडीच. वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे शंभर वारांतले बारा-तेरा वार, जे हुकले असते ते लागतात. ओगर दोन फेऱ्या आधी पडला तर त्याचे दोन सोटे कोणालाच बसत नाहीत. सोबत्याला न बसलेला सोटा भरून काढायला एकही स्लॉट लागत नाही.

भाची: हे मला माहीत आहे, दादा. अनुभवी खेळणारे पुढची पायरीही सांगतात. लढाईत हील करूच नका. माणूस शून्यावर जाईपर्यंत थांबा, मग ‘हीलिंग वर्ड’ टाका. साठ फुटांवरून टाकता येतो, मुख्य कृती खर्च होत नाही. एक हिट पॉइंट असलेला योद्धा पूर्ण हिट पॉइंट असलेल्या योद्ध्याइतक्याच जोरात तलवार मारतो. मग पडायच्या आधी मंत्र कशाला वाया घालवायचा?

मामा: म्हणजे तो पडायची वाट पाहायची?

भाची: हिशेबाने तेच बरोबर आहे.

मामा: अन् तो उठला की लगेच पळतो?

भाची: उठायला अर्धी चाल जाते. बाकी पळतो.

मामा: पोरी, बेशुद्ध पडून उठलेला माणूस पहिले विचारतो, मी कुठं आहे. मग उलटी करतो. तो आपलं नाव बरोबर सांगते का, ते आपण दहादा विचारतो. तुमचा खेळ आहे, तुमचे नियम राहतील, मी नाही म्हणत नाही. पण आपला माणूस पडून राहिला ते दिसते अन् मी म्हणतो, पडू दे, मग पाहू, असं करणारा माणूस मले पोस्टवर नको.

भाची: मामा, खऱ्या जखमेचं मोजमाप खेळाला लावू नका ना. हिट पॉइंट म्हणजे रक्त नाही. त्यात दम आला, नशीब आलं, हिंमत आली.

ती बरोबर होती. पुस्तकही हिट पॉइंटची व्याख्या अशीच करतं. पण या युक्तीतली एक फट पडणाऱ्याच्या जिवावर बेतते. शून्यावर गेलेला माणूस दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो. दहा किंवा वर आलं तर एक यश, खाली आलं तर एक अपयश, आणि तीन अपयशं झाली की मेला. बेशुद्ध माणसाला कोणी जवळून मारलं तर दोन अपयशं एकदम लागतात. माझे लांडगे पडलेल्याला सोडत नाहीत, कारण भुकेला लांडगा पडलेल्यालाच धरतो. शिवाय पाळीचा क्रम आहेच. योद्धा पडला, त्याची पाळी आली आणि गेली, आणि क्लेरिक त्याच्यानंतर असेल तर ती फेरी फुकट गेली. शून्यापर्यंत थांबणारा क्लेरिक प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या जिवाची पैज लावतो. ती कधी लावावी लागतेच. पण रोजची रीत म्हणून लावली की टेबलावरच्या बाकीच्यांना ते कळतं, आणि ते पुढे जायला कचरायला लागतात.

मामा: तेच मी म्हणून राहिलो. जवान पुढं कायच्या भरवशावर जाते? मागं कोणी आहे म्हणून.

भाची: मग तुमचं म्हणणं काय? पडू द्यायचं नाही, भरायचंही नाही. उरलं काय?

मामा: उरलं सारंच. एक सांग, तुझ्या त्या तिघांजवळ पट्टी आहे का स्वतःची?

भाची: औषधाची कुपी असते. ‘पोशन ऑफ हीलिंग’. पन्नास सोन्याच्या नाण्यांना एक. सध्या दोन आहेत, दोन्ही माझ्याजवळ. म्हणजे क्लेरिक जो होईल त्याच्याजवळ.

मामा: हे चुकलं. आमच्या इथं हरेक जवानाच्या खिशात फर्स्ट फील्ड ड्रेसिंग राहते. खिसा ठरलेला, अंधारातही हात तिथंच गेला पाहिजे. तो पडला तं त्याचीच पट्टी काढायची अन् त्याले बांधायची. तुझी नाही. तुझी तुझ्यासाठी. तू साऱ्याईच्या पट्ट्या घेऊन बसली अन् तूच पडली, तं चौघं गेले.

हा सल्ला मी लगेच डायरीत लिहून घेतला. खेळात ती कुपी दुसऱ्याला पाजायला एक कृती लागते आणि मंत्र लागत नाही, म्हणजे चोरही योद्ध्याला उठवू शकतो. प्रत्येकाच्या पट्ट्याला त्याची त्याची कुपी असली की ‘हील कर’ ही हाक एकट्या क्लेरिकच्या डोक्यावर बसत नाही. सपोर्ट करणारं पात्र बांधायला आपण त्याच्या मंत्रांपासून सुरुवात करतो. मला आता वाटतं, बाकीच्यांच्या पट्ट्यांपासून सुरुवात करावी.

मामा: अन् दुसरं म्हणजे पाणी.

भाची: पाणी?

मामा: माझी अर्धी नोकरी पाण्यात गेली. नवीन जागी गेलो की पहिले हॉरॉक्स टेस्ट. एक डबा राहते. त्यात सहा पांढरे कप अन् एक काळा. काळ्या कपात चमचाभर ब्लीचिंग पावडर, दोन ग्रॅम, पहिले थोड्या पाण्यात पातळ कालवायची, मग निशाणीपर्यंत पाणी. पांढऱ्या कपात जे पाणी तपासायचं ते. काळ्यातलं पाणी निवळलं की पहिल्या कपात त्याचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, असे सहापर्यंत. ढवळायचं अन् अर्धा तास बसायचं. मग हरेक कपात इंडिकेटरचे तीन थेंब. ज्या कपात पहिले निळा रंग पक्का दिसला तो धरायचा. तिसऱ्यात दिसला तं ४५५ लिटर पाण्याले तीन चमचे पावडर. झालं. मग त्या पाण्याले अर्धा तास हात लावू द्यायचा नाही कोणाले, मोठे साहेब आले तरी.

भाची: आणि मग?

मामा: मग काही नाही. कोणाले जुलाब नाही, कोणाले काविळ नाही. पलटण उभी राहते.

भाची: तेच तर! ‘मग काही नाही.’ मामा, मी रविवारी चार तास बसते. त्या चार तासांत मी असं काही केलं की काहीच घडलं नाही, तर मी खेळले कुठे? तुम्ही पगारासाठी करत होता, देशासाठी करत होता, तुमच्यापुरतं ते बरोबर आहे. मी खेळायला येते. लोकांनी म्हणावं, अरे, ती होती म्हणून वाचलो. हे वाटणं चूक आहे का?

मामा काही वेळ बोलले नाहीत. मला हा या वादातला सर्वांत खरा प्रश्न वाटतो आणि तो खेळापुरता नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या छावण्यांत लढाईपेक्षा तापाने आणि कॉलऱ्याने जास्त सैनिक मेले. १८६३ साली ब्रिटिश सरकारच्या शाही आयोगाने हिशेब लावला तेव्हा इथल्या गोऱ्या सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ निघाला. कामठीची छावणी १८२१ ची, म्हणजे ती तोवर चाळीस वर्षांची झाली होती. पुढे पाणी, गटारं आणि बराकी सुधारल्यावर तो दर उतरत गेला. गटार बांधणाऱ्यांची नावं आज कोणाला माहीत नाहीत. लढलेल्यांचे पुतळे आहेत.

भाची: आणि रामटेक जवळच आहे म्हणून सांगते. लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा औषध कोणतं ते कोणी सांगितलं?

मामा: सुषेण वैद्यानं.

भाची: तुम्हाला माहीत आहे. टेबलावरच्या या तिघांना विचारा. त्यांना हनुमान माहीत आहे, हातावर डोंगर माहीत आहे. कॅलेंडरवर डोंगर छापतात, वैद्याला कोणी छापत नाही. वनस्पती कोणती, कुठल्या डोंगरावर, किती वेळात आणायची, हे सगळं ज्याने सांगितलं तो चित्रात नाही. मला सुषेण नाही व्हायचं.

मामा: पण तो वैद्य कोणाचा होता?

भाची: म्हणजे?

मामा: आमच्या आजीनं सांगितलं तसं सांगतो. तो लंकेचा होता. रावणाचा वैद्य. हनुमानानं त्याले घरासकट उचलून आणला. समोर कोण पडला आहे? ज्यानं इंद्रजिताशी लढाई मांडली तो. अन् याले म्हणतात, वाचव. तो नाही म्हणू शकत होता. चुकीचं झाड सांगू शकत होता. कोणाले कळलंही नसतं.

वाल्मीकींच्या रामायणात सुषेण वानरांच्या बाजूचा आहे. लंकेचा वैद्य ही नंतरच्या परंपरेतली कथा आणि आपल्याकडे घरोघर तीच सांगितली जाते. पण मामांनी ती काढली आणि वादाचा रोख बदलला. तोवर दोघंही क्लेरिकने काय ‘करावं’ यावर भांडत होते. आता ती काय ‘ठरवते’ हा प्रश्न पुढे आला. माझं मत इथे मोकळेपणाने सांगतो: सपोर्ट करणारं पात्र कंटाळवाणं होतं ते मंत्र कमजोर असल्यामुळे नाही. त्याच्या हातातला निर्णय बाकीचे काढून घेतात म्हणून होतं. ‘हील कर’ ही सूचना आहे, आणि दुसऱ्याच्या सूचनेवर चालणारं पात्र पटावर असूनही खेळत नसतं. सहा स्लॉट आणि चार माणसं. पुढे दार फोडायचं आहे की नाही माहीत नाही. यात एक स्लॉट आत्ता कोणासाठी खर्चायचा, हे ठरवण्याइतकं नाट्य तलवारीच्या वारात क्वचितच असतं. ते क्लेरिकने स्वतः ठरवायला हवं, आणि ठरवलेलं मोठ्याने सांगायला हवं.

भाची: हे मला चालेल. पण मग मला नाही म्हणण्याचा हक्क पाहिजे. चोर दर वेळी एकटाच पुढे घुसतो आणि ओरडतो. मी त्याला म्हणणार, तुझी कुपी पी.

मामा: बरोबर. प्रायॉरिटी लावायची. जो ओरडून राहिला तो श्वास घेऊन राहिला. जो चूप झाला त्याच्याकडे पहिले जायचं.

भाची: आणि तो चोर तुमचा मित्र असेल तर?

मामा: तरी.

त्यांनी एवढंच म्हटलं आणि पाण्याचा पेला उचलला. त्यावर टेबलावरच्या कोणी काही विचारलं नाही.

बहिणीने कॅरेक्टर शीट पुढे ओढलं. मी तिला क्लेरिक या वर्गाचा जन्म सांगितला, कारण तिला अजून मागे उभं राहणारी बाई नको होती. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला. त्याआधी आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ नावाच्या डावात एका खेळाडूचा सर फँग नावाचा रक्तपिपासू व्हँपायर फारच भारी झाला होता. त्याला आवरायला जो पुजारी आणला, तो पहिला क्लेरिक. तो मुळात शिकारी होता. पहिल्या पुस्तकात पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र येत नसे. चिलखत घालायचं, धार नसलेलं शस्त्र घ्यायचं आणि भुतांना पळवून लावायचं, एवढंच. मलमपट्टीची ओळख त्याला पुढे चिकटली.

भाची: म्हणजे तिला स्वतःचा कोणीतरी शत्रू असू शकतो.

मामा: असलाच पाहिजे. आमचा शत्रू डास होता.

भाची: माझी क्लेरिक कोणत्या देवाची असावी पण? पुस्तकातले देव मला आपले वाटत नाहीत.

मामा: देऊळ लागतेच का? ताजुद्दीन बाबा इथलेच, कामठीत जन्मले, १८६१ मध्ये. तेही फौजेत होते. बाबांकडं लोक दुखणं घेऊन जात, हिंदू जात, मुसलमान जात. आजही ताजबागेत जातात. माझा विश्वास औषधावर आहे, मी सुई देणारा माणूस. पण आलेल्याले जात, धर्म, गाव न विचारता बसवून घेणं, हे मी तिथं पाहिलं अन् एड पोस्टवरही तेच केलं. तुझ्या बाईले तेवढा धर्म पुरंल.

भाची: आणि ती शिकली कुठे? मला मोठी विद्यापीठातली वैद्य नको. गावातलीच पाहिजे.

मी गडचिरोलीचं नाव घेतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने तिथल्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देणं. १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांशी ताडून पाहता नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाला होता. त्याच्याही आधी न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्यांनी एक श्वास मोजायचं साधन केलं होतं, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईलाही वापरता यावं असं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची ओळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाचा श्वास जास्त जोरात चाललाय, उपचार सुरू करायचे.

भाची: ते मला दे. तिच्या पिशवीत.

मामा: मंत्र नाही तो.

भाची: म्हणूनच. ती बसणार, वाळू उलटी करणार, मणी सरकवणार, आणि तेवढा वेळ टेबलावर कोणी बोलायचं नाही. मामा, तुमच्या निळ्या रंगाचंही तसंच आहे. तुम्ही ते कप सांगत होता तेव्हा हे तिघं मोबाइल ठेवून ऐकत होते. तुम्ही म्हणालात मग काही नाही. पण आधी तर होतं ना. तो अर्धा तास मी खेळात दाखवीन. प्रतिबंध केलेला दिसला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

मामा: हे मान्य.

पूर्ण मान्य झालं असं मात्र नाही. पाचव्या लेव्हलला क्लेरिकला ‘रिव्हिव्हिफाय’ मिळतो. मरून एक मिनिट झालं नसेल तर माणूस परत येतो, आणि दर वेळी तीनशे नाण्यांचे हिरे जळून जातात. भाचीला तो मिळवायची घाई होती. मामांना पटेना. ते म्हणाले, मेलेला परत येऊ लागला की जगणाऱ्याची काळजी कोणी करत नाही. तिने शुक्राचार्य काढले, संजीवनी विद्या काढली. मी तिला आठवण दिली की त्या कथेत शुक्राचार्य असुरांना रोज उठवत होते, म्हणून युद्ध संपतच नव्हतं, आणि शेवटी देवांना ती विद्या मिळवायला कचाला त्यांच्या घरी पाठवावं लागलं. हिऱ्यांची अट पुस्तकात त्यासाठीच असावी असा माझा समज आहे. ती म्हणाली, कचही तीनदा मेला आणि तीनदा उठला, ते नसतं तर गोष्टच नसती. यावर दोघं अडून राहिले. पाचवी लेव्हल अजून लांब आहे.

पात्र मात्र उभं राहिलं. लाइफ डोमेन, अंगात जड चिलखत, कारण ‘ब्लेस’ चालू असताना फटका बसला की एकाग्रता टिकवायला फासा टाकावा लागतो आणि तो चुकला की मंत्र सुटतो. म्हणून शहाणपणाखालोखाल तब्येत. हातात गदा. ‘ब्लेस’, ‘क्युअर वूंड्स’ आणि आणखी दोन डोमेनकडून आपोआप मिळाले. बाकी सहा निवडायचे होते. ‘हीलिंग वर्ड’ दोघांनाही हवा होता. ‘एड’ मामांनी सुचवला, कारण तो सकाळीच टाकला की तिघांचे हिट पॉइंट आठ तास पाच-पाचने वाढतात आणि एकाग्रता लागत नाही. ‘सँक्च्युअरी’ पडलेल्याला आडोसा म्हणून. विष आणि रोग ओळखणारा मंत्र, आणि एक माणसाला जागीच थांबवणारा, चोरासाठी. हा शेवटचा तिने हसून लिहिला, पण लिहिला.

सहाव्या जागेवर पुन्हा भांडण.

भाची: ‘गायडिंग बोल्ट’. सहा बाजूंचे चार फासे, आणि पुढच्या वाराला फायदा. कधीतरी मलाही मारायचंय.

मामा: अन्न-पाणी शुद्ध करायचा आहे म्हणते ना पुस्तकात? तो घे.

भाची: त्याच्यासाठी जागा घालवू?

मी: तो विधी म्हणून केला तर स्लॉट लागत नाही, दहा मिनिटं जास्त लागतात. पण यादीत मात्र असावा लागतो. आणि क्लेरिकची यादी रोज झोपून उठल्यावर बदलता येते. आज जे घेशील ते कायमचं नाही.

मामा: मग हे रोजच ठरवायचं आहे. पहिले सांगायचं नाही का? अरे, उद्या कुठं जाऊन राहिले तुम्ही?

मी माझ्या वहीत बघितलं. नदीपलीकडे एक गाव होतं. तिथे तीन दिवसांपासून ताप होता, आणि रात्री कोणीतरी माणसं उचलून नेत होतं. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे की नाही, ते मी सांगणार नव्हतो.

भाचीने पेन्सिल खाली ठेवली.

भाची: दादा, घरं किती आहेत गावात?

मी: चाळीसेक.

भाची: विहिरीचं पितात की नदीचं? आणि पहिला ताप कोणाला आला?

मामा: अन् नेलेली माणसं तापवाली होती का बिनतापाची, तेही विचार.